भेंडवळचा घट

अक्षय तृतीयेच्या सुमारास शेतं नांगरून तयार असतात, बियाण्याच्या पैशांची जुळवाजुळव चाललेली असते आणि आभाळाचा मात्र काही नेम नसतो. तेव्हा विदर्भातल्याच केळझर गावच्या कापूस पेरणाऱ्याचेही कान विदर्भाच्या पार दुसऱ्या टोकाकडे लागतात. भेंडवळच्या घटाने यंदा काय सांगितलं?

भेंडवळ बुलढाणा जिल्ह्यातल्या जळगाव जामोद तालुक्यात आहे. तिथलं वाघ घराणं ही घटमांडणी करतं. परंपरा साडेतीनशे वर्षांची, चंद्रभान महाराजांनी सुरू केलेली, असं सांगतात. अक्षय तृतीयेला दिवस मावळताना शेतात गोल घट आखतात. कडेने १८ धान्यं मांडतात. गहू, ज्वारी, तूर, मूग, उडीद, तीळ आणि आपल्या कापसासाठी सरकी. मधल्या खड्ड्यात मातीची चार ढेकळं, म्हणजे पावसाळ्याचे चार महिने. त्यांवर पाण्याने भरलेली घागर, सोबत पुरी, पापड, सांडई, कुरडई, करंजी, पानसुपारी. विड्याचं पान ही राजाची खूण, करंजी तिजोरीची, मसूर शत्रूची, सांडई-कुरडई गुरांच्या चाऱ्याची. शेतकऱ्याची वर्षभराची सगळी काळजी एका रिंगणात उतरलेली असते.

मग सगळे निघून जातात. रात्रभर तिकडे कुणी फिरकायचं नाही. पहाटे दाणे कुठे सरकले, कुठलं ढेकूळ जास्त भिजलं, पान जागेवर आहे का, हे पाहून भाकीत सांगतात.

पश्चिम आफ्रिकेच्या कडेला, कॅमेरूनच्या डोंगराळ भागातल्या बामिलेके लोकांतही असंच घडतं. जमिनीत राहणाऱ्या मोठ्या कोळ्याच्या बिळापाशी खुणा कोरलेल्या पानांच्या चकत्या ठेवतात, वर मडकं झाकतात. कोळी चकत्या विस्कटतो आणि जाणकार त्या मांडणीतून उत्तर वाचतो. बिळातला कोळी जमिनीखालच्या पूर्वजांच्या जवळचा, म्हणून त्याचा मान मोठा. दोन्हीकडे निकालातून माणसाचा हात काढून घेतलेला आहे. लोकांचा विश्वास बसतो तो यामुळेच, असं मला वाटतं.

पण दाणे मुंग्या, किडे, वाराही हलवतात. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनी या भाकितांवर घेतलेला आक्षेप मला पटतो. घट बघायला जरूर जा, ती मांडणी जपण्यासारखी आहे. पेरणी मात्र ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय करू नका.