सिनेमा आणि कॅमेरे, एकाच डबीत

"जुना डेस्कटॉप पडून आहे, त्यालाच कॅमेरे जोडू का?" असं इथे अभनपुरात मला हमखास विचारतात. जोडा, पण आधी हिशेब करा. ७० वॅट चोवीस तास म्हणजे महिन्याला ५० युनिट. १५ वॅटच्या मिनी पीसीला ११ पुरतात.

मी इंटेल एन१०० चिपचा मिनी पीसी सुचवतो. चिप २०२३ सालची, ६ वॅटची. पण खरी गंमत आहे तिच्यातल्या क्विक सिंक या भागात. कॅमेरा चित्र एच.२६४ किंवा एच.२६५ मध्ये दाबून पाठवतो. नुसतं साठवायचं असेल तर प्रोसेसरला फारसं काम नाही. मात्र अंगणात माणूस आला की कुत्रं हे ओळखायचं, किंवा जेलीफिनवरचा सिनेमा मोबाइलसाठी लहान करायचा, तर चित्र उलगडावं लागतं. ते क्विक सिंक करतं. रास्पबेरी पाय ५ मध्ये एच.२६४ साठी अशी सोय नाही. सगळा भार प्रोसेसरवर.

आता डिस्क. २ मेगाबिटचा एक कॅमेरा दिवसाला साधारण २२ जीबी भरतो. चार कॅमेरे, तीस दिवस: २.६ टीबी. म्हणून कॅमेऱ्यांसाठीच बनवलेली ४ टीबीची डिस्क घ्या. ती बहुतेक मिनी पीसींत मावत नाही, वेगळा वीजपुरवठा असलेला बाहेरचा डबा लागतो.

आपल्याकडच्या मे महिन्यात हे सगळं बंद कपाटात कोंडू नका. आणि यूपीएसवर राउटर, कॅमेऱ्यांचा स्विचही जोडा. चोर लाइट असतानाच येईल असं थोडंच आहे!