जिजाबाईंचे माहेर

मेहकराहून जालन्याकडे निघाले की वाटेत सिंदखेडराजा लागते. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातले हे जुने गाव. जिजाबाईंचे माहेर ते हेच. दर वर्षी १२ जानेवारीला येथे माणसांचा पूर लोटतो. आपल्यापैकी पुष्कळजण तिथे जाऊन आले असतील. पण जिजाबाईंच्या माहेरच्या घराचे पुढे काय झाले, हे थोड्यांनाच ठाऊक असते. तीच हकिकत आज आपण वाचू.

लखुजी जाधवराव

जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव. देवगिरीचे यादव राजे आपले पूर्वज, असे हे घराणे मानते. यादवांचे राज्य चौदाव्या शतकात बुडाले. लखुजींच्या काळी अहमदनगरला निजामशाही होती. लखुजी तिचे मोठे सरदार होते.

सिंदखेडची देशमुखी त्यांच्याकडे होती. देशमुखी म्हणजे काय? परगण्याचा सारा गोळा करायचा, बंदोबस्त ठेवायचा आणि त्याबद्दल आपला हक्क घ्यायचा. हा हक्क बापाकडून मुलाकडे येई. त्यालाच वतन म्हणत. वतनासाठी माणूस जीव द्यायला तयार होई, आणि जीव घ्यायलाही!

लखुजींच्या पत्नी म्हाळसाबाई. दत्ताजी, अचलोजी, राघोजी आणि बहादुरजी हे त्यांचे मुलगे. जिजाबाई ही लेक. तिचा जन्म १५९८ सालचा मानतात. वेरूळच्या मालोजी भोसल्यांचे चिरंजीव शहाजी यांना ती दिली. रंगपंचमीच्या खेळात ही सोयरीक ठरली, अशी गोष्ट लोक अजून सांगतात.

सोयऱ्यांचे वैर

पुढे काय झाले पाहा. एकदा निजामशाही दरबार सुटला. सरदार घरी निघाले. इतक्यात खंडागळे नावाच्या सरदाराचा हत्ती बिथरला आणि माणसे तुडवू लागला. त्याला आवरता आवरता जाधव आणि भोसले यांच्यातच तंटा पेटला. तलवारी निघाल्या. दत्ताजी जाधव मारले गेले. मुलगा पडलेला पाहून लखुजींचे भान सुटले. त्यांनी संभाजी भोसल्यांना ठार केले. हे संभाजी म्हणजे शहाजींचे चुलतभाऊ. जिजाबाईंचा एका दिवसात माहेरचा भाऊ गेला, आणि सासरचाही माणूस गेला. कुणासाठी रडावे तिने?

१६२१ साली लखुजी निजामशाही सोडून मोगलांकडे गेले. १६२४ साली अहमदनगरजवळ भातवडीला मोठी लढाई झाली. लखुजी मोगलांच्या फौजेत होते. शहाजी निजामशाहीच्या फौजेत होते. सासरा एका बाजूला, जावई दुसऱ्या बाजूला. आणि राज्य दोघांचेही नव्हे!

दौलताबादचा घात

पुढे लखुजी पुन्हा निजामशाहीत आले. पण निजामशहाच्या मनात संशय शिरला होता. २५ जुलै १६२९ ला त्याने त्यांना दौलताबादच्या किल्ल्यात भेटीला बोलावले. भरवशाने लखुजी आत गेले. तेथे मारेकरी त्यांच्यावर तुटून पडले. लखुजी, अचलोजी, राघोजी आणि नातू यशवंतराव असे चौघे एकाच दिवशी मारले गेले. दौलताबाद म्हणजेच जुनी देवगिरी. ज्या गडाला जाधव पूर्वजांचा गड म्हणत, तेथेच त्यांचे रक्त सांडले. मोगल दरबारच्या इतिहासातही या खुनाची नोंद आहे.

या वेळी जिजाबाई गरोदर होत्या. सात महिने पुरे व्हायच्या आत, १९ फेब्रुवारी १६३० ला, शिवनेरीवर शिवाजी महाराजांचा जन्म झाला. परक्या राजाची चाकरी किती बेभरवशाची असते, हे त्या माउलीने आपल्या माहेरच्या घरातच पाहिले होते.

एका घराच्या दोन वाटा

या घातानंतर उरलेले जाधव मोगलांकडे गेले. सिंदखेडची शाखा त्याच चाकरीत राहिली. देऊळगाव राजा येथील बालाजीचे देवस्थान याच घराण्याने उभे केले.

पण अचलोजींच्या वंशजांनी वेगळी वाट धरली. ते स्वराज्यात आले. त्यांच्यातच धनाजी जाधव निपजले. संभाजी महाराजांना १६८९ साली औरंगजेबाने मारले. स्वराज्य आता बुडते की काय, असे वाटू लागले. तेव्हा संताजी घोरपडे आणि धनाजी यांनी मोगल फौजेला सळो की पळो करून सोडले. धनाजी पुढे सेनापती झाले. १७०८ साली ते वारले. त्यांचे चिरंजीव चंद्रसेन मात्र १७११ साली शाहू महाराजांपासून फुटले आणि पुढे निजामाकडे गेले. पाहा, एकाच घरातले बाप आणि लेक, पण वाटा वेगळ्या!

आज काय उरले आहे?

सिंदखेडराजात लखुजींचा वाडा आहे. त्यांची भव्य समाधी आहे. २०२४ साली या समाधीजवळ दुरुस्तीचे काम चालले होते. तेव्हा जमिनीखालून शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली. ती लखुजींच्या कितीतरी आधीची आहे. म्हणजे त्यांच्याही आधी या गावात माणसे नांदत होती. त्यांची घराणी कोणती? त्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत. म्हणून ती आज कुणाला सांगता येत नाहीत.

मोठ्यांची नावे बखरीत राहतात. आपल्या आज्या-पणज्यांची नावे कुठे राहणार? आता आपल्याला लिहिता येते. घरात म्हातारे माणूस असेल तर त्याच्याजवळ बसा. आजोबांचे वडील कोण, हे गाव त्यांनी कधी धरले, आजीचे माहेर कोणते, हे विचारा आणि वहीत उतरवून घ्या. लेकींची नावेही लिहा बरे का! जाधवांच्या घरातले सर्वांत मोठे नाव लेकीचेच आहे.