पहिला क्रमांक कुणाचा?

लातूर आणि नांदेड या शहरांना पहिल्या क्रमांकाचे महत्त्व वेगळे सांगावयास नको. शिक्षण मंडळाच्या गुणवत्ता यादीत लातूरच्या विद्यार्थ्यांची नावे सातत्याने झळकू लागली आणि ‘लातूर पॅटर्न’ हा शब्दप्रयोग महाराष्ट्रभर रूढ झाला. राजर्षी शाहू महाविद्यालय, दयानंद महाविद्यालय यांसारख्या संस्थांतील प्राध्यापकांनी जादा तास आणि वारंवार घेतलेल्या सराव परीक्षा यांच्या बळावर हा लौकिक मिळविला. गुणवत्ता यादीच्या पद्धतीविषयी मतभेद पुष्कळ होते. तथापि एक गोष्ट निर्विवाद होती. क्रमांक लावणारे मंडळ त्रयस्थ होते आणि यादीतील स्थान विक्रीस ठेवलेले नव्हते.

आज चित्र पालटले आहे. मुखेड, किनवट, उदगीर वा अहमदपूर तालुक्यातील एखादे कुटुंब मुलीला ‘नीट’च्या तयारीसाठी शहरात ठेवण्याचे ठरविते, तेव्हा पहिली चौकशी बहुधा मोबाइलवर होते. ‘लातूरमधील सर्वांत चांगले क्लासेस’ असे शब्द गुगलवर टाकले की क्षणार्धात एक यादी समोर येते. ती क्रमवार असते, नीटनेटकी असते आणि म्हणूनच गुणवत्ता यादीसारखी भासते. शुल्क, वसतिगृह आणि खाणावळ मिळून होणारा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याच्या वर्षाच्या उत्पन्नाला भारी पडणारा असतो. अशा खर्चाचा निर्णय ज्या यादीवर अवलंबून आहे, ती यादी कोण लावतो, हा प्रश्न म्हणूनच मराठवाड्यापुरता तरी केवळ तांत्रिक राहिलेला नाही.

या यादीचे दोन भाग असतात. वरच्या काही ओळी पुष्कळदा जाहिरातीच्या असतात व त्यांच्यावर बारीक अक्षरांत ‘प्रायोजित’ असे लिहिलेले असते. ही व्यवस्था गुगलने २००० साली सुरू केली. विशिष्ट शब्द शोधले गेले की आपली जाहिरात दिसावी, यासाठी जाहिरातदार बोली लावतात. बोलीची रक्कम आणि जाहिरातीचा दर्जा, दोन्ही विचारात घेऊन स्थान ठरते. वाचकाने त्या ओळीवर बोट ठेवले की जाहिरातदाराच्या खात्यातून पैसे वळते होतात. लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचा सौदा होतो, तो निदान शेतकऱ्याच्या डोळ्यांसमोर होतो. येथे सौदा पालकाच्या लक्ष वेधून घेण्याचा असतो आणि तो झाल्याचे पालकाला कळतही नाही.

खालचा भाग बिनपैशाचा. परंतु तोही आपोआप लागलेला नसतो. गुगलचा जन्म १९९८ साली झाला, तो एका साध्या कल्पनेतून. एका पानाने दुसऱ्या पानाकडे दुवा दिला, तर ती त्या पानाविषयीची शिफारस समजावी आणि वजनदार पानाच्या शिफारशीला अधिक मान द्यावा. विद्वानांच्या ग्रंथांत एकमेकांचे दाखले असतात, त्या पद्धतीशी हे जुळणारे होते. पण शिफारशीला किंमत आली की शिफारशी विकत मिळू लागतात, हा जगाचा अनुभव आहे. शोधयंत्रात आपले पान वर यावे यासाठी करावयाच्या प्रयत्नांना ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’ अथवा थोडक्यात ‘एसईओ’ म्हणतात आणि हा आता एक स्वतंत्र व्यवसाय बनला आहे. त्यातील अप्रामाणिक मंडळी दुवे विकत घेतात, एकच मजकूर केवळ गावाचे नाव बदलून पन्नास गावांसाठी छापतात, ‘पहिल्या दहा संस्था’ अशा याद्या पैसे घेऊन तयार करतात आणि न शिकलेल्या विद्यार्थ्यांच्या नावाने पाच ताऱ्यांचे अभिप्राय लिहवून घेतात. या प्रकारांविरुद्ध गुगलचे नियम आहेत. ढिगाने तयार केलेल्या निरुपयोगी मजकुरासंबंधीचे नियम मार्च २०२४ मध्ये अधिक कडक करण्यात आले. परंतु लाच घेण्याविरुद्ध कायदा आहे म्हणून लाच थांबत नाही, तसेच हे आहे. शिवाय यादी लावणाराही सर्वस्वी त्रयस्थ नाही. शोधाच्या निकालांत पक्षपात केल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१८ मध्ये गुगलला १३५ कोटी ८६ लाख रुपयांचा दंड ठोठावला होता.

याचा अर्थ हा सारा व्यवसायच त्याज्य आहे, असा मात्र नाही. पानाला स्पष्ट शीर्षक देणे, पत्ता, शुल्क व वेळापत्रक अचूक लिहिणे, लोक ज्या शब्दांत विचारतात त्याच शब्दांत उत्तर देणे, हीही एसईओचीच कामे होत. दुकानदाराने पाटी ठळक रंगविली तर त्यात गैर काही नाही. गैर आहे ते पाटीवर खोटा मजकूर लिहिणे.

आणि हा मजकूर नेहमी सरळ खोटाच असतो असेही नाही. तो बहुधा अर्धा असतो. ‘आमचे इतके विद्यार्थी पात्र’ ही ओळ घ्या. ‘नीट’ २०२४ ला सुमारे २३ लाख विद्यार्थी बसले व त्यांपैकी १३ लाखांहून अधिक पात्र ठरले. एमबीबीएसच्या जागा मात्र देशभरात लाख-सव्वा लाखाच्या घरात आहेत. म्हणजे पात्र ठरणे आणि प्रवेश मिळणे यांत दहापटींहून अधिक अंतर आहे. पात्र विद्यार्थ्यांची संख्या मोठ्या अक्षरांत देणारा क्लास आपल्याकडे एकूण किती विद्यार्थी होते, हे क्वचितच सांगतो. अंश दाखवून छेद लपविला तर तो अपूर्णांक गणिताचा कोणताही शिक्षक चूक ठरवील.

कायदा याबाबतीत मुका नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तोच गुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी खास शिकवणी वर्गांच्या जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली. निवड झाल्यानंतर विद्यार्थ्याची लेखी संमती घेतल्याशिवाय त्याचे नाव वा छायाचित्र वापरता येत नाही. तो कोणत्या अभ्यासक्रमाला, किती काळ होता आणि त्याने शुल्क भरले होते काय, हेही सांगावे लागते. निवडीची हमी देता येत नाही. तोपर्यंत देशात ४५ नोटिसा निघाल्या होत्या आणि १८ संस्थांना मिळून ५४ लाख ६० हजार रुपये दंड झाला होता. ही तत्त्वे भिंतीवरील फलकाला लागू आहेत तशीच मोबाइलच्या पडद्यावरील जाहिरातीलाही आहेत. परंतु तक्रार करणारा नसेल तर दिल्लीतील प्राधिकरणाची नजर नांदेडच्या भाग्यनगरपर्यंत किंवा लातूरच्या उद्योग भवन परिसरापर्यंत सहजासहजी पोहोचणार नाही.

वस्तुतः अधिक गंभीर गोष्ट दुसरीच आहे. जाहिरातदार बोलतो म्हणून तो ऐकू येतो. पण ज्यांनी बोलावयास हवे ते गप्प आहेत. अनुदानित महाविद्यालयांत तळमळीने शिकविणारे प्राध्यापक आहेत, पण पुष्कळ महाविद्यालयांची संकेतस्थळे पाहावीत तर मराठी मजकूर जुन्या टंकांत किंवा परिपत्रकाच्या वाकड्या छायाचित्रात. असा मजकूर शोधयंत्राला धड वाचता येत नाही आणि जे यंत्राला वाचता येत नाही ते पालकापर्यंत जात नाही. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला मराठीत विश्वासार्ह उत्तर नसले की ती रिकामी जागा जाहिरात व्यापते.

म्हणून उपायाचा आरंभ आपल्याच संस्थांपासून व्हावयास हवा. प्रत्येक महाविद्यालयाने युनिकोड मराठीत एक साधे पान ठेवावे. त्यावर प्रवेश किती, परीक्षेला बसले किती, वैद्यकीय व अभियांत्रिकीला प्रत्यक्ष गेले किती, शुल्क किती, एवढे आकडे दरवर्षी द्यावेत. क्लासचालकांपैकी जे प्रामाणिक आहेत त्यांनीही हेच करावे. त्यांना यात भिण्यासारखे काही नाही. वृत्तपत्रांनी आपल्या छापील व इंटरनेटवरील पानांवर पैसे घेऊन प्रसिद्ध केलेल्या मजकुराला ‘जाहिरात’ असे ठळक म्हणावे. दुसऱ्याला उपदेश करण्यापूर्वी हे आवश्यक आहे. आणि शाळेत नववी-दहावीच्या वर्गात एक तास शोधाचे निकाल वाचण्यासाठी द्यावा. हे पान कुणी लिहिले, त्याला पैसे कुणी दिले, एकूण संख्या किती, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय लागली तरी पुष्कळ साधेल. घरात मोबाइलवर शोधून देणारी व्यक्ती बहुधा तीच मुलगी असते, जिच्या शिक्षणासाठी हा शोध चाललेला असतो. तिला हे शिकविणे हा शिक्षणाचाच भाग आहे.

‘लातूर पॅटर्न’ने मराठवाड्याला शिकविले ते हे की क्रमांक उत्तरपत्रिकेवर ठरतो. जो क्रमांक उत्तरपत्रिका न पाहता लागतो, त्याच्या भरवशावर कुणाच्या घरचे सोयाबीन विकले जाऊ नये, एवढी दक्षता तरी शिक्षणाचा अभिमान बाळगणाऱ्या या दोन जिल्ह्यांनी घेतलीच पाहिजे.