लिनक्समधला ॲडमिनचा अधिकार गेला? लगेच फॉरमॅट मारू नका

आजचा विषय तांत्रिक आहे, पण त्याचा संबंध थेट गल्ल्याशी आहे.

समजा, इस्लापूरला तुमचं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. लायसन्सचा खर्च नको म्हणून पीसीवर उबंटू टाकलंय. नवीन प्रिंटर चालेना, म्हणून कुठेतरी वाचून एक कमांड मारली. दुसऱ्या दिवशी पीसी सुरू होतो, ब्राउझर चालतो, जुन्या फाइली उघडतात. पण ड्रायव्हर टाकायला गेलं की पासवर्ड बरोबर असूनही मशीन म्हणतं, तुमचं नाव सुडोअर्सच्या यादीत नाही, आणि या घटनेची तक्रार केली जाईल. (घाबरू नका, ती तक्रार पोलिसांत जात नाही. मशीनच्याच नोंदवहीत पडून राहते.) दुकानात शिष्यवृत्तीच्या फॉर्मसाठी पोरं उभी, आणि किनवटचा माणूस फोनवरच सांगतो, "फॉरमॅट मारावं लागेल."

नाही लागत. तुमचा डेटा जागेवर आहे, फक्त किल्ली हरवली आहे.

झालंय काय ते आधी समजून घ्या. लिनक्समध्ये खरा मालक एकच, त्याचं नाव रूट. उबंटूमध्ये या रूटचं थेट लॉगिन सुरुवातीपासून बंद असतं. त्याऐवजी इन्स्टॉल करताना बनवलेलं पहिलं खातं 'सुडो' नावाच्या गटात टाकलं जातं, आणि त्या गटातल्या माणसाला मालकाच्या नावाने काम करता येतं. सुडो हा प्रोग्राम 1980 च्या सुमारास अमेरिकेतल्या बफेलो इथल्या विद्यापीठात लिहिला गेला. कोणाला काय करू द्यायचं, हे एका छोट्या सुडोअर्स फाइलमध्ये लिहिलेलं असतं.

घोळ बहुतेक दोन जागी होतो. पहिला गटाचा. 'यूजरमॉड' कमांडने स्वतःला प्रिंटरच्या गटात टाकताना मायनस ए-जी ऐवजी नुसतं मायनस जी लिहिलं, की मशीन तुम्हाला नवीन गटात घालतं आणि बाकीच्या जोडलेल्या गटांतून काढून टाकतं. त्यात सुडोही गेला! हे लगेच लक्षात आलं तर लॉगआउट करू नका. चालू सेशनमध्ये जुना अधिकार सहसा टिकून असतो, तेवढ्यात दुरुस्ती करून घ्या.

दुसरा घोळ सुडोअर्स फाइलचा. साध्या एडिटरने ती उघडली, एक अक्षर चुकलं, आणि सुडोने कामच सोडलं. इथे तुम्ही गटात अजून आहात, त्यामुळे डेस्कटॉपवरच्या टर्मिनलमध्ये 'पीके-एक्झेक' आणि पुढे 'व्हीआय-सुडो' लिहून बघा. दुसऱ्या वाटेने पासवर्ड विचारला जातो आणि फाइल उघडते. व्हीआय-सुडो सेव्ह करण्याआधी चूक तपासतो, म्हणून ही फाइल कायम त्यानेच उघडावी.

यातलं काहीच चाललं नाही तर रिकव्हरी मोड. पीसी रीस्टार्ट करा आणि जुन्या मशीनवर शिफ्ट दाबून धरा, नवीनवर एस्केप दाबा. मेनूत 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स', त्यात 'रिकव्हरी मोड', मग 'रूट'. एंटर दाबलं की तुम्ही मालक. डिस्क यावेळी फक्त वाचण्यापुरती उघडलेली असू शकते, म्हणून आधी तिला लिहिण्यासाठी उघडायचं: माउंट, मायनस ओ, रीमाउंट स्वल्पविराम आरडब्ल्यू, आणि शेवटी एक तिरपी रेघ. मग 'ॲड-यूजर', तुमच्या खात्याचं नाव, आणि 'सुडो'. शेवटी 'रीबूट'. (सगळ्या कमांडचं स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर आहे, पॉज करून उतरवून घ्या.) सुरू झाल्यावर 'सुडो हू-ॲम-आय' लिहा, 'हू-ए-एम-आय' मधल्या रेघा न देता सलग. उत्तर 'रूट' आलं की काम झालं.

पूर्ण डिस्कच्या परवानग्या 777 करून ठेवल्या असतील तर मात्र दुरुस्तीच्या मागे लागू नका. पेन ड्राइव्हवरून उबंटू चालू करा, फाइली काढून घ्या, आणि नवीन टाका.

आता धंद्याचं बघा. ॲडमिन खातं मालकाच्या ताब्यात हवं. कामाला ठेवलेल्या मुलाला साधं खातं द्या, त्याचं काम अडत नाही. आणखी एक ॲडमिन खातं बनवून त्याचा पासवर्ड वहीत लिहा, वही कपाटात ठेवा. मुलगा काम सोडून हैदराबादला गेला तर पासवर्ड विचारायला त्याच्या मागे फिरावं लागणार नाही.

आणि तुमच्या लक्षात आलंच असेल, रिकव्हरी मोडमध्ये सहसा पासवर्ड विचारलाच जात नाही. म्हणजे तुमच्या खुर्चीत पाच मिनिटं बसणारा कोणीही मालक होऊ शकतो, आणि तुमच्या डिस्कवर गिऱ्हाइकांच्या आधारच्या प्रती आहेत. त्यावर उपाय म्हणजे इन्स्टॉल करतानाच डिस्क एन्क्रिप्ट करणं. मग सुरुवातीलाच वेगळा पासवर्ड लागतो. तो हरवला तर मात्र वरची एकही युक्ती चालणार नाही, तेव्हा त्या वहीत तोही लिहा आणि बॅकअप दुसऱ्या डिस्कवर ठेवा.