फवारणी संपली की मरणारी बॅटरी

महागाव तालुक्यातल्या फुलसावंगीच्या शिवारात कपाशी आणि सोयाबीन, म्हणजे खरिपात फवारणी आलीच. आता ती बहुतेक ठिकाणी पाठीवरच्या चार्जिंगच्या पंपानं होते. टाकीखालच्या खणात १२ व्होल्टची, ८ किंवा १२ अँपिअर-अवरची सीलबंद बॅटरी असते. दिवसभर दांडा मारून खांदा भरून यायचा, तो त्रास हिनं वाचवला. पण पुढच्या हंगामात पंप बाहेर काढावा, तर दोन टाक्यांतच बॅटरी बसते. 'माल हलका होता' म्हणून नवी आणली जाते. कधी ते खरंही असतं. बहुतेकदा मात्र बॅटरीचा जीव घरातच गेलेला असतो आणि त्यामागे आपल्या काही पक्क्या समजुती असतात.

'बॅटरी पूर्ण उतरू द्यावी, मगच चार्जिंगला लावावी', ही त्यातली सगळ्यांत महागडी समजूत. जुन्या निकेल-कॅडमियम सेलच्या काळातली ही शिकवण शिशाच्या बॅटरीला लागू होत नाही. बॅटरी वीज देते तेव्हा तिच्या दोन्ही प्लेटांवर लेड सल्फेट जमतं. लगेच चार्ज केली तर ते मोडून पुन्हा शिसं, लेड डायऑक्साइड आणि आम्ल तयार होतं. तसंच राहू दिलं तर त्याचे स्फटिक मोठे आणि कठीण होत जातात, मग चार्जर कितीही वेळ लावा, ते हलत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा बाद होतो. दर वेळी तळाला जाईपर्यंत वापरलेली अशी बॅटरी साधारण दोनशे वेळा चार्ज होऊन थकते. निम्म्यावर आली की लावली, तर त्याच्या दुप्पट टिकते. वावरात मीटर नसतं, पण कान असतात. मोटारीचा आवाज जड झाला, नोजलमधून निघणारा फवारा आखडला, की थांबायचं. ओढूनताणून आणखी एक टाकी मारली, तर ती बॅटरीच्या आयुष्यातून वजा होते.

आणि आता खरं दुखणं. कपाशी आटोपते, तुरीवरची शेवटची फवारणी होते, पंप टिनाच्या खोलीत खुंटीला लागतो. 'वापरच नाही, तर बिघडेल कशी?' बिघडते ती इथंच. शेवटच्या दिवशी अर्धीमुर्धी उतरलेली बॅटरी तशीच टांगली जाते आणि स्फटिक कडक व्हायला पुढचे सहा-सात महिने मोकळे मिळतात. भरलेली बॅटरीसुद्धा पडून राहिली तर २५ अंशांना महिन्याला सुमारे ३ टक्के आपोआप उतरते. दर १० अंश वाढीला हा वेग साधारण दुप्पट होतो. आपल्याकडचा मे महिना आणि त्यातली टिनाखालची खोली डोळ्यांसमोर आणा. म्हणून शेवटच्या फवारणीनंतर पूर्ण चार्ज करून, बॅटरीची वायर काढून, ती घरातल्या थंड कोपऱ्यात ठेवावी. नंतर संक्रांतीला, गुढीपाडव्याला आणि मृग लागायच्या आधी, असं तीनदा पूर्ण चार्ज केलं तरी पुरतं. एवढं केलं की नव्या बॅटरीचे पैसे वाचतात, हे मी अगदी ठामपणे सांगतो. रोही-डुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनच्या बॅटरीलाही हाच नियम: पीक निघालं म्हणून मशीन बंद केलं, तरी बॅटरी विसरू नये.

'दोन तास लावली, चालते की!' चालते, पण भरत नाही. पहिले ८० टक्के पटकन भरतात. उरलेल्या २० टक्क्यांना जवळपास तेवढाच वेळ लागतो. दर वेळी अर्धवट उठवलं की तळातलं सल्फेट तसंच राहतं. रात्री लावावी, सकाळी काढावी. मात्र उन्हातून आणल्याबरोबर लावू नये, आधी निवू द्यावी.

'१२ व्होल्टचा कुठलाही चार्जर चालतो', असंही म्हणतात. बॅटरीच्या लेबलवर दोन ओळी छापलेल्या असतात. रोजच्या वापरासाठी साधारण १४.४ ते १५ व्होल्ट, सतत जोडून ठेवायची असेल तर १३.५ ते १३.८. शेजारीच जास्तीत जास्त किती अँपिअर द्यायचे तेही असतं. ट्रॅक्टरच्या बॅटरीचा मोठा चार्जर लावला तर ती तापते, फुगते, आतला ओलावा वाफ होऊन झडपेतून जातो. स्वस्त चार्जर भरल्यावरही दाब कमी करत नाही, तेव्हा तो आठवडाभर जोडून ठेवला तरी हीच गत. आता लिथियमचे पंपही आलेत, त्यांचा १२.६ व्होल्टचा चार्जर शिशाच्या बॅटरीला कधीच पूर्ण भरत नाही आणि शिशाचा चार्जर लिथियमला लावणं म्हणजे आगीशी खेळ. घरात दोन्ही असतील तर चार्जरवर रंगानं खूण करावी. बॅटरी भरली की नाही, हे मल्टिमीटर सांगतं: चार्जर काढून काही तास गेल्यावर १२.७-१२.८ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, ११.८ च्या खाली म्हणजे रिकामी.

सिमेंटच्या फरशीवर ठेवल्यानं बॅटरी उतरते, ही जुन्या लाकडी-रबरी डब्यांच्या काळातली गोष्ट. प्लास्टिकच्या डब्याला फरशीनं काही होत नाही. झाकण उचकटून पाणी टाकायच्या भानगडीत तर पडूच नये. आतलं आम्ल काचतंतूंच्या गादीत शोषलेलं असतं, ते हातावर-डोळ्यांत जायला वेळ लागत नाही.

'सील आहे, म्हणजे धोका नाही', हेही खरं नाही. जास्त चार्ज झाली तर झडपेतून हायड्रोजन सुटतो. म्हणून बंद कपाटात, चुलीजवळ किंवा उलटी ठेवून चार्ज करू नये. २०१७ च्या खरिपात आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला. त्यानंतर तरी औषधानं माखलेला पंप तसाच घरात आणून, लेकरं झोपतात तिथं चार्जिंगला लावू नये. वावरात बॅटरी बसली म्हणून ओल्या हातानं खण उघडून वायरी हलवणंही तितकंच वाईट. आधी पंप धुवावा, हात साबणानं धुवावेत, मगच खणाला हात लावावा.

मेलेली बॅटरी भंगारात फुटते तेव्हा शिसं मातीत जातं आणि त्याचा सगळ्यांत जास्त मार लहान मुलांच्या मेंदूला बसतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुनी बॅटरी परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. नवी घेताना जुनी दुकानातच द्यावी, तिच्या शिशाला भाव असतो, तो बिलातून वजा करून मागावा.