काळ्या जमिनीत चिनी गुलाबाची लागवड

नागपूर जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो आणि शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारातील बहुतेक फुलझाडे पाण्यावाचून वाळतात. अशा दिवसांत जमिनीलगत पसरून भर उन्हात फुलणारे झाड म्हणजे चिनी गुलाब. त्याची फुले ऊन चढल्यावर उमलतात व दुपारनंतर मिटतात. म्हणून त्यास ‘ऑफिस टाइम’ असेही म्हणतात. नाव चिनी असले तरी हे झाड मूळचे दक्षिण अमेरिकेतील आहे. गुलाबाशी त्याचा काही संबंध नाही. ते आपल्या घोळीच्या भाजीचे भावंड होय.

घोळीप्रमाणेच याच्या खोडात व पानांत पाण्याचा साठा असतो. त्यामुळे ते उन्हाने सहसा मरत नाही. मरते ते पाण्याने. कपाशीची काळी जमीन ओल फार दिवस धरून ठेवते. कपाशीस उपकारक असणारा हा गुण चिनी गुलाबास मात्र मारक ठरतो. मुळे कुजू लागली की रोप मलूल दिसते, ते तहानले आहे असे समजून आणखी पाणी घातले जाते आणि दोन-चार दिवसांत सारा वाफा बसतो. यास्तव पाणी देण्यापूर्वी दोन पेरे खोल बोट घालून पाहावे. ओल लागल्यास पाणी देऊ नये.

वाफा जमिनीपासून वीतभर उंच करावा. त्यात दोन भाग बारीक मुरूम किंवा कन्हानची वाळू, एक भाग माती व एक भाग चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. यापेक्षा अधिक खत घातल्यास पाला माजतो व फुले कमी येतात. जागा दिवसाचे निदान सहा तास उन्हाची असावी. सावलीत फुले नीट उमलत नाहीत.

बी अत्यंत बारीक असते. ते वाळूत मिसळून फेब्रुवारी-मार्चमध्ये वरचेवर फेकावे, मातीने झाकू नये. उगवण्यास त्यास उजेड लागतो. परंतु दुहेरी पाकळ्यांच्या जातींना बी फारसे धरत नाही. त्यांची चार बोटे लांबीची छाटे घ्यावीत, खालची पाने काढून काही तास सावलीत सुकू द्यावीत आणि मग वीतभर अंतरावर लावावीत. रोपे विकत घेण्याचे खरोखर कारण नाही. शेजारच्या अंगणातील मूठभर छाटांवर शाळेचा वाफा भरतो.

मृगाचा पाऊस लागण्यापूर्वी थोडी छाटे मुरूम भरलेल्या, बुडास छिद्र असलेल्या डब्यात लावून वळचणीच्या आत, पण उजेडात ठेवावीत. पावसाने वाफा गेला तरी बियाणे हातचे जात नाही.

घोळीची पाने चपटी व फुले लहान, पिवळी असतात. चिनी गुलाबाची पाने सुईसारखी गोल असतात. अलीकडे चपट्या पानांचीही शोभेची जात मिळते व ती घोळीसारखीच दिसते. म्हणून शोभेच्या वाफ्यातील पाला भाजीसाठी खुडू नये, विशेषतः त्यावर औषध फवारले असल्यास.