जुन्या आऊटबोर्ड इंजिनांची खरेदी-विक्री : माहितीची विषमता आणि लहान मच्छीमार

प्रस्तावना :
कोकण किनाऱ्यावरील अनेक लहान मासेमारी होड्यांना मागील बाजूस बसविण्याचे, म्हणजेच आऊटबोर्ड इंजिन वापरले जाते. नवे इंजिन न परवडणारा मच्छीमार जुन्या इंजिनाकडे वळतो. ते भर समुद्रात बंद पडल्यास भांडवलाबरोबरच माणसांचे प्राणही धोक्यात येतात. म्हणून या व्यवहाराचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे ठरते.

माहितीची विषमता :
अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन ही संकल्पना मांडली. मालातील दोष विक्रेत्यास ठाऊक असतात, ग्राहकास नसतात. त्यामुळे ग्राहक सर्वच मालास सरासरी किंमत देऊ करतो आणि चांगल्या मालाचा विक्रेता बाजारातून बाहेर पडतो. आऊटबोर्ड इंजिनाबाबत ही विषमता अधिक तीव्र असते; कारण खाऱ्या पाण्याने होणारी झीज आतील शीतकरण मार्गात होते, तर बाहेरून रंग दिलेले इंजिन नव्यासारखे भासते.

तपासणीचे घटक :
१) इंजिन थंड असतानाच सुरू करून पाहावे. आधीच तापविलेल्या इंजिनात सुरू होण्यातील अडचण लपून राहते.
२) इंजिनाचा खालचा भाग पाण्याच्या पिंपात बुडवून ते चालविले असता शीतकरणाच्या पाण्याची धार सलग पडावी. धार क्षीण असल्यास पाण्याचा पंप झिजला आहे किंवा मार्ग क्षाराने तुंबला आहे, असे संभवते.
३) सर्व सिलिंडरमधील दाब मापकाने मोजावा. एखाद्यातच तो लक्षणीय कमी असल्यास मोठा दुरुस्तीखर्च संभवतो.
४) गिअरचे तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे, असे समजावे.

कायदेशीर बाजू :
मालविक्री अधिनियम, १९३० च्या कलम १६ नुसार मालाच्या दर्जाबाबत सर्वसाधारणपणे गर्भित हमी नसते. कलमातील अपवाद मुख्यतः त्या मालाचा व्यवसाय करणाऱ्या विक्रेत्यास लागू होतात. एका मच्छीमाराने दुसऱ्यास केलेल्या विक्रीत त्यांचा आधार सहसा मिळत नाही. कलम १४ नुसार मात्र माल विकण्याचा हक्क विक्रेत्यास आहे, ही शर्त गृहीत असते. म्हणून इंजिनाचा अनुक्रमांक, किंमत व ज्ञात दोष नमूद केलेली लेखी पावती आवश्यक ठरते. इंजिनावर कर्ज बाकी नाही, याचीही खात्री करावी.

निष्कर्ष :
तपासणी केवळ ग्राहकाच्या हिताची नसते. पाण्यात चाचणी देणारा आणि दोष लपवून न ठेवणारा विक्रेता आपल्या चांगल्या इंजिनास योग्य किंमत मिळवू शकतो. माहितीची विषमता जितकी घटेल, तितका हा व्यवहार उभयतांना न्याय्य आणि समुद्रावर सुरक्षित ठरेल.